नाट्यपदांचे संकलन आणि कॅमेरा

झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांचे नाट्यप्रेम प्रसिद्ध आहे. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात त्यांच्या स्त्रीवेष धारण करण्याचा उल्लेख येतो. १८५३ साली गंगाधररावांचे निधन झाले. त्या रंगभूमीचे स्वर साठविण्याचे साधन तेव्हा नव्हते. तिची वार्ता तेवढी शब्दांतून उरली. पुढील काळातील मराठी नाट्यपदांच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती उद्भवली. तेथे स्वर उरले आणि नाटक दुरावले.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांच्या संधिकाळातील निवडक पदे एकामागून एक रंगमंचावर सादर करणे आणि त्या प्रयोगाचे चित्रण करणे हा आज रूढ झालेला प्रकार होय. त्याचे मूल्यमापन करताना मूळ पदाचे कार्य ध्यानात घेणे अगत्याचे ठरते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत पद हे बहुधा संवादाचेच काम करी. साकी, दिंडी, अंजनीगीत अशा परिचित चालींतून कथानक पुढे सरके. असे पद नाटकातून वेगळे काढले की त्याचा अर्थ अपुरा राहतो. 'मानापमान' (१९११) मध्ये गोविंदराव टेंबे यांच्या आणि 'स्वयंवर' (१९१६) मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींमुळे पदाला रागविस्ताराचे स्वतंत्र क्षेत्र लाभले. नाट्यपदांचे संकलन पुढे शक्य झाले, त्याचे बीज अशा रीतीने नाटकाच्या अंतरंगातच पेरले गेले होते. ध्वनिमुद्रिकेने त्याला बळ दिले. मात्र सुमारे तीन मिनिटांच्या मर्यादेत विस्तार आटोपणे भाग पडले.

कॅमेऱ्याचा प्रश्न याहून निराळा आहे. बालगंधर्वांनी 'धर्मात्मा' (१९३५) या बोलपटात संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. 'साध्वी मीराबाई' (१९३७) मध्ये मात्र ते मीरेच्या भूमिकेत दिसले. पुरुषाने साकारलेली स्त्री हा रंगभूमीवरील संकेत प्रेक्षक आणि नट यांच्यातील अंतरावर उभा असतो. कॅमेरा ते अंतर मिटवितो आणि संकेत उघडा पडतो. 'वन्समोअर'चेही तसेच. रसिकांच्या आग्रहाने पद पुन्हा गाताना गायकनट नवी जागा शोधीत असे. चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी तीच जागा तशीच पुन्हा ऐकू येते. रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटात अभिनय सुबोध भावे यांचा आणि गायन आनंद भाटे यांचे आहे. गाणारा कंठ आणि दिसणारा देह यांची फारकत तेथे पूर्ण झाली.

म्हणून अशी चित्रणे त्याज्य ठरत नाहीत. मात्र त्यांना साधन म्हणून विश्वासार्हता यावयाची, तर पदामागील प्रसंग निवेदनातून सांगितला गेला पाहिजे. ऑर्गन, सारंगी, तबला यांची साथ आणि समोरच्या श्रोत्यांची दाद यांनाही चित्रणात स्थान हवे. अभ्यासकानेही गायनाच्या गोडीवर न थांबता हे पद कोणी, कोणाला उद्देशून आणि कोणत्या क्षणी म्हटले, हे संहितेत पाहावे. झाशीच्या रंगभूमीचा नाद आता परत मिळविता येणार नाही. नाट्यपदांच्या बाबतीत जे हरवत आहे ते नाटक आहे, आणि ते अद्याप संहितांत वाचता येते.