मांड बदलली की स्वार बदलतो

दिवाळीत आमच्या अंगणात नळदुर्ग उभा राहतो. काळ्या मातीचा तट, वळवून आणलेली बोरी नदी आणि तिच्यावरच्या आडव्या बंधाऱ्यातला पाणीमहाल. काळ दाखवायचा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा, म्हणून तटाखाली दख्खनी घोडेस्वार हवा. दुकानात मात्र बहुतेकदा युरोपातला नाइट मिळतो: डबा घातल्यासारखं शिरस्त्राण, काखेत भाला, खाली धिप्पाड घोडा. तोच घ्यायचा आणि बदलायचा. प्रमाण 1:32, म्हणजे माणूस साधारण 54 मिलिमीटर.

पहिल्यांदा करणारा थेट रंगाला हात घालतो. मग फेटा चढवला, मिशा काढल्या तरी तो नाइटच दिसतो. कारण खोट बैठकीत असते. नाइट भाला काखेत दाबून समोरच्यावर आदळायचा. तो धक्का सोसायला खोगिराची पाठ उंच आणि रिकिबी लांब, म्हणून पाय सरळ ताणलेले. दख्खनी स्वाराचं बळ चपळाईत. चटकन वळायचं, रिकिबीत उठून वार करायचा, निसटायचं. त्यासाठी रिकिबी आखूड आणि गुडघा वाकलेला. स्वाराच्या बैठकीला आपण मांड म्हणतो, आणि पहिलं काम तिथेच आहे.

स्वार घोड्यावरून काढा. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ब्लेडने पाचरीसारखी खाच घ्या, तशीच एक जांघेत पुढून. पाय गरम पाण्यात धरा, प्लास्टिक नरमलं की वाकवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. मऊ प्लास्टिक पुन्हा सरळ होऊ पाहतं, म्हणून तापवलेल्या सुईने भोक पाडून आत तांब्याची बारीक तार घाला. माझ्या पहिल्या स्वाराला मी तार घातली नव्हती. पंधरा दिवसांत त्याने पाय पुन्हा ताणले. फट एम-सीलने भरायची. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि बोट पाण्यात बुडवून दाबा, म्हणजे चिकटत नाही. पुढचं काम दुसऱ्या दिवशी.

खोगिराची उंच पाठ कापून टाका. तिथे एम-सीलची जाड, मऊ दिसणारी गादी बसवा. तंग (पोटाखालचा पट्टा) आणि दुमची (शेपटीखालचा पट्टा) यांच्यासाठी कागदाच्या बारीक पट्ट्या पुरतात. घोड्याच्या खुरांवर केसांचे झुपके असतील तर तासून पॉलिश पेपर मारा, मान थोडी सडपातळ करा. दख्खनी घोडा अंगाने लहान. या प्रमाणात त्याचा खांदा सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास हवा. दुकानातला घोडा तेवढा बुटका करता येत नाही, पण जडपणा उतरवता येतो.

डोकं मानेपासून कापा. नवं एम-सीलचं, त्यावर निमुळता टोप आणि खांद्यापर्यंत लोंबणारी कड्यांची जाळी. जाळी कोरत बसू नका. एम-सील ओलं असतानाच बँडेजचं कापड अलगद दाबून उचला, कड्यांसारखी वीण उमटते. ढाल खेळायच्या गोटीवर घडवायची. गोटीला तेलाचं बोट लावा, वर एम-सीलची पातळ चकती बसवा, सुकल्यावर उपटा. छान फुगीर ढाल मिळते. तिच्यावर मोहरीचे चार दाणे चिकटवा. खऱ्या ढालीवरच्या चार फुल्या निव्वळ शोभेच्या नसत. मागच्या मुठीचे खिळे त्यांच्याखाली असत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अशा ढाली जवळून पाहता येतात.

भाल्याला उदबत्तीची काडी घ्या. मराठ्यांच्या भाल्यांचे दांडे सहसा बांबूचे असत आणि काडीही बांबूची, त्यामुळे तिला रंग लागत नाही. अकरा सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या दुप्पट.

आता रंग. आधी साबणाने धुवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. काळा प्रायमर द्या. जाळीवर चंदेरी रंग भरू नका. ब्रश चंदेरीत बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि नुसता फिरवा. उंचवटे चमकतात, खाचा काळ्या राहतात. घोडा कुमैत करायचा तर अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. चारही पाय आणि कपाळपट्टी पांढरी ठेवलीत तर तो पंचकल्याणी, जुन्या लोकांना फार प्रिय. स्नायूंच्या खाचांत काळपट रंगाचं पातळ पाणी सोडा. डोळ्याभोवती पांढरं काढू नका. शांत घोड्याच्या डोळ्याचं पांढरं सहसा दिसत नाही. ते दिसलं की घोडा बुजल्यासारखा वाटतो. काळा ठिपका आणि त्यात सुईच्या टोकाने एक पांढरा कण, बस.

शेवटी स्वार तारेने घोड्यावर पक्का करा. पाटावर फेविकॉल लावून चाळलेली काळी माती भुरभुरा. तीच माती चिमूटभर पाण्यात कालवून घोड्याच्या गुडघ्यांवर, पोटाखाली आणि स्वाराच्या जोड्यांवर हलकेच फिरवा. जोड्यापेक्षा पोटाखाली जास्त, कारण टापांनी उडालेली धूळ तिथेच बसते.