चिनी चहाची पारख

वाळलेल्या पानाचा रंग पाहून इंग्रजांनी ज्या चहास काळा म्हटले, त्यालाच चिनी लोक पेल्यात उतरलेल्या अर्काचा रंग पाहून तांबडा चहा म्हणतात. आन्ह्वेइ प्रांतातील किमून हा त्यांतला नामांकित प्रकार होय. खुडलेली पाने सुकवून मऊ करावयाची आणि मग वळावयाची. वळताना पानातील रस बाहेर येऊन त्याचा हवेशी संयोग होतो व हिरवे पान तांबूस बनते. नंतर उष्णता देऊन ही क्रिया थांबवितात. लापसांग सूचाँग मात्र चिडाच्या लाकडाच्या धुरावर सुकवितात; त्याचा वास पुष्कळांस पहिल्या दिवशी मुळीच रुचत नाही.

असा चहा सातारा-सांगलीकडील घरी आला, की बहुधा दूध, साखर व आले यांसह पातेल्यात उकळला जातो. मग महागाची पत्ती आणि बाजारची भुकटी यांत भेद उरत नाही. दुधातील प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांस बांधून टाकतात, आणि आले तर सुगंधावर कुरघोडीच करते. गुळाच्या पेठेत राहणाऱ्या सांगलीकरास गोडाशिवाय चहा घ्या म्हणणे धाडसाचे आहे. तरी पहिला पेला कोराच घ्यावा.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. सातारा शहरास कासच्या तलावातून येणारे पावसाचे पाणी मृदू; उलट जतकडील पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारयुक्त. जड पाण्यात अर्क काळवंडतो, वर तवंग धरतो व वास मंदावतो. उंचीचाही परिणाम होतो. सांगलीस पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते, तर महाबळेश्वरास ९५-९६ अंशांवरच. ज्या महाबळेश्वरी १८३४ च्या सुमारास चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग निघाला आणि १८६४ पर्यंत चालला, तेथे किमून मुरण्यास अर्धाएक मिनिट अधिक द्यावे.

एका पेल्यास, म्हणजे दीडदोनशे मिलिलिटर पाण्यास, अडीच ते तीन ग्रॅम पत्ती पुरे. किटली आधी गरम पाण्याने विसळावी, पत्तीवर नुकतेच उकळलेले पाणी ओतावे, झाकावे व तीन मिनिटांनी गाळावे. अधिक वेळ ठेवल्यास रंग गडद होतो खरा, परंतु तुरटपणा वाढून गोडवा झाकला जातो.

चाखताना घाई नको. पोळलेल्या जिभेला चव कळत नाही. बशीत ओतल्याने चहा लवकर निवतो, पण सुगंधही उडून जातो. म्हणून पेल्यातच थोडा थांबू द्यावा. मग चक्क भुरका मारावा. पोरांनी भुरका मारला तर घरातील वडीलधारी मंडळी डोळे वटारतात, पण धंदेवाईक पारखी हेच करतात. घोटाबरोबर आत गेलेली हवा सुगंध घशामागून नाकापर्यंत नेते, आणि चवीचा मोठा भाग नाकानेच कळतो. किमूनमध्ये किंचित कोको, किंचित फुलांचा वास व शेवटी मंद गोडी लागते. पत्ती लगेच टाकू नये. ताजे उकळते पाणी घालून चार मिनिटे ठेवल्यास तिच्यातून आणखी एक फिका पण स्वच्छ पेला निघतो.