खेळावरील वयाचा आंकडा

दिवाळीच्या सुटींत आम्ही एसटीनें जळगांवाहून धुळ्यास चाललों होतों. शेजारच्या बांकावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वडिलांचा मोबाईल घेऊन बसला होता. एरंडोल गेलें, पारोळें गेलें, पण त्यानें मान वर केली नाहीं. पडद्यावर बंदुका चालत होत्या व माणसें पडत होतीं. हा खेळ कितव्या वर्षापासून खेळावयाचा, असें आम्हीं वडिलांस विचारलें. ते सरळपणें म्हणाले, "खेळाले कसानं वय, गुरुजी?"

प्रश्न रास्त होता. सिनेमाचें वय आपल्या लोकांस ठाऊक आहे. मुंबईस १९२० सालीं चित्रपट तपासणारें मंडळ स्थापन झालें; १९४९ च्या दुरुस्तीनें केवळ प्रौढांसाठीं निराळा दाखला आला. असा चित्रपट असला म्हणजे थिएटरच्या दारावरील माणसानें लहान मुलास परत पाठवावें, असा नियम आहे.

मोबाईलवरील खेळास दारवान नाहीं. अमेरिकेंत १९९३ मध्यें 'मॉर्टल कॉम्बॅट' या रक्तपाती खेळावरून सिनेटपुढें चर्चा झाली, आणि पुढल्याच वर्षीं खेळांच्या व्यापाऱ्यांनीं स्वतःच वयोगट ठरविणारें मंडळ काढलें. आज प्ले स्टोअरवर खेळाच्या नांवाजवळ ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आंकडा दिसतो. तो सहसा कोणी सरकारी परीक्षक खेळ पाहून घालीत नाहीं. खेळ काढणारा एक प्रश्नावली भरतो: मारामारी आहे काय, ती माणसांशीं आहे काय, रक्त दिसतें काय, भाषा कशी आहे. त्या उत्तरांवरून आंकडा ठरतो. खेळ सोपा कीं अवघड, हें त्यावरून कळत नाहीं. मूल किती तास त्यांत गुंतून राहील, हें तर मुळींच नाहीं.

सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं ११८ ॲपांत 'पबजी'ही बंद केला, तेव्हां मुलांच्या हितासाठींच तो गेला असें पुष्कळांस वाटलें. वास्तविक दिलेलें कारण देशाच्या सुरक्षिततेचें होतें. २०२१ च्या जुलैंत त्याचा भारतीय अवतार आला. त्यांत रक्त हिरवें केलें होतें, व अठरा वर्षांखालील मुलांस दिवसांतून तीनच तास मुभा होती. रक्ताचा रंग पालटला तरी नेम धरण्याची क्रिया तीच राहिली.

अशा खेळांनीं मूल खुनी बनतें, असें म्हणण्यास मात्र आधार नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें २०२० मध्यें तसें स्पष्ट केलें. ओरडणें, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशीं थोडासा संबंध आढळतो, एवढेंच. आम्हांस हें थोडें वाटत नाहीं. मधल्या सुटींत मैदानावर उभें राहिलें म्हणजे ढकलाढकलीचें मोल कळतें.

खरी अडचण निराळीच आहे. मोबाईल वडिलांचा, खातें वडिलांचें, त्यांत जन्मसालही वडिलांचें. मग यंत्रानें मुलास अडवावें कसें? धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर आम्हीं त्या गृहस्थांस प्ले स्टोअरमधील पालक-नियंत्रण दाखविलें. तेथें वयाची मर्यादा निवडून चार आंकड्यांचा पिन घालावा लागतो. आधीं उतरवून घेतलेले खेळ त्यानें जात नाहींत, ते हातानेंच काढावे लागतात, हेंही सांगितलें. मुलगा मुकाट्यानें पाहत होता. वडिलांनीं पिन म्हणून त्याचेंच जन्मसाल घातलें. तें मात्र आम्हीं बदलावयास लावलें.