विश्लेषण : सॉफ्टवेअर टीमसाठी ‘जिरा’ की ‘गिटहब’? निवड अवघड का ठरते?

सॉफ्टवेअर लिहिणारी नवी टीम उभी राहिली, की पहिल्या काही आठवड्यांतच एक वाद ठरलेला असतो. व्यवस्थापकाला ‘जिरा’सारखे साधन हवे असते, कारण कोणते काम कुठवर आले हे त्याला एका फलकावर पाहायचे असते. प्रोग्रामरला ते नको असते. त्याचा दिवस ‘गिटहब’ किंवा ‘गिटलॅब’वर जातो आणि कामाच्या नोंदीही तिथेच ठेवता येतात, असे त्याचे म्हणणे असते. हा वाद बहुतेकदा दर आणि सोय पाहून मिटवला जातो. पण काही वर्षांनी साधन बदलायची वेळ आली तर आपल्या हाती काय उरेल, हा प्रश्न त्या वेळी क्वचितच विचारला जातो.

दोन्ही साधने वेगळी कशी?

कोड सांभाळणाऱ्या बहुतेक साधनांच्या मुळाशी ‘गिट’ आहे. लिनक्सच्या कोडसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बिटकीपर’ या प्रणालीची मोफत वापराची सवलत २००५ मध्ये काढून घेतली गेली, तेव्हा लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहिली. तिचे एक वैशिष्ट्य इथे महत्त्वाचे आहे. कोडची प्रत घेणाऱ्याच्या संगणकावर नुसती आजची फाइल उतरत नाही, तर सहसा प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास उतरतो. दहा जण काम करत असतील, तर त्या इतिहासाच्या दहा प्रती आपोआप तयार होतात.

‘जिरा’चा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने २००२ मध्ये ते आणले, ते मुख्यतः ‘बग’ म्हणजे प्रोग्राममधील चुका नोंदवण्यासाठी. तेव्हा मोझिलाचे ‘बगझिला’ वापरात होते. त्यावरून गॉडझिलाचे जपानी नाव ‘गोजिरा’ पुढे आले आणि त्याचे झाले ‘जिरा’. आपल्या फोडणीतल्या जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. चुकांच्या या वहीचे पुढे नियोजनाचे मोठे साधन झाले. त्यात प्रत्येक कामाचे एक ‘तिकीट’ असते. काम कोणाकडे आहे, कोणत्या टप्प्यात आहे, कोणी काय विचारले, शेवटी काय ठरले, हे सारे त्यात नोंदले जाते. मात्र या नोंदी एका डेटाबेसमध्ये असतात. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर त्यांची प्रत नसते.

म्हणजे कोडमध्ये काय बदलले हे गिट दाखवते आणि ते का बदलले हे बहुधा तिकिटात असते.

मग सरमिसळ कशी झाली?

कंपन्यांनी एकमेकींच्या अंगणात पाय टाकल्यामुळे. गिटहब आणि गिटलॅबने कोडशेजारीच कामांच्या नोंदी, चर्चा आणि फलक दिले. अ‍ॅटलासियनने २०१० मध्ये कोड ठेवणारे ‘बिटबकेट’ घेतले आणि २०१७ मध्ये ‘ट्रेलो’साठी साडेबेचाळीस कोटी डॉलर मोजले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना गिटहब विकत घेतले. टीमचा अख्खा दिवस आपल्याच खिडकीत जावा, असे प्रत्येकाला वाटते. त्यामुळे वैशिष्ट्यांच्या याद्या शेजारी ठेवून निर्णय होत नाही. सगळ्यांकडे जवळपास सगळेच असते.

जुन्या घटना काय सांगतात?

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे ठेवलेले नेहमीचे मार्ग ऐनवेळी उपयोगी पडले नाहीत. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतल्या साधारण पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि सातशे नव्या सदस्यांची खाती गेली. गिटमधल्या कोडला मात्र धक्का लागला नाही. तो वेगळा साठवलेला होता. तसा तो गेला असता, तरी लोकांच्या संगणकांवर त्याच्या प्रती होत्याच. टिप्पण्यांच्या प्रती कुठेच नव्हत्या.

एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियनची पाळी आली. एक जुने अ‍ॅप काढण्यासाठी चालवलेल्या स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले आणि ७७५ ग्राहकांची संपूर्ण संकेतस्थळेच काढून टाकली गेली. ती पूर्ववत होण्यास काहींना दोन आठवडे लागले. कोड लिहिता येत होता. पुढचे काम कोणते, हे पाहण्याची जागाच नव्हती.

अपघात न होताही हे घडू शकते. ‘पिव्होटल ट्रॅकर’ हे अनेक टीमचे आवडते साधन ३० एप्रिल २०२५ रोजी बंद झाले. मुदतीत नोंदी बाहेर काढा, एवढेच वापरणाऱ्यांच्या हाती होते.

एकच साधन घ्यावे की दोन?

तिकिटे कोण वाचणार, यावरून हे ठरवावे. पाच-सात जणांची टीम असेल आणि सगळेच कोड लिहीत असतील, तर कोडशेजारीच नोंदी ठेवणे केव्हाही बरे. बदलाच्या संदेशात कामाचा क्रमांक लिहिला की दोन्ही आपोआप जोडले जातात. गिटहबवर तर ‘फिक्सेस’ हा शब्द आणि क्रमांक लिहिला की तो बदल मुख्य कोडमध्ये जाताच तिकीट बंदही होते. दुसऱ्या खिडकीत जाऊन तेच पुन्हा लिहावे लागत नाही. जे दोनदा लिहावे लागते, ते महिन्याभरात कोणी लिहीत नाही.

चाचणी करणारे, ग्राहकांचे फोन घेणारे, विक्री विभाग किंवा स्वतः ग्राहक यांनाही तिकिटे पाहायची-लिहायची असतील, तर चित्र बदलते. रुग्णालयाची बिले काढणारे सॉफ्टवेअर असेल, तर तक्रार नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याला कोडच्या भांडारात बोलावण्यात अर्थ नाही. अशा वेळी स्वतंत्र साधन घ्यावे, पण कोडशी त्याची जोडणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. आणि बदलाच्या संदेशात फक्त तिकिटाचा क्रमांक न टाकता कारणाच्या दोन ओळी लिहाव्यात. क्रमांक परक्या डेटाबेसकडे बोट दाखवतो, तर त्या दोन ओळी कोडसोबत राहतात. याला खर्च काही नाही. तरीही सर्वाधिक टाळाटाळ इथेच होते.

सेवा कंपन्यांचे काय?

पुणे, मुंबई किंवा नागपूरमधून परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या कंपन्यांना अनेकदा निवडच नसते. तिकिटे ग्राहकाच्या प्रणालीत असतात. करार संपला की खाती बंद होतात. दोन वर्षांनी तोच ग्राहक परतला, तर आधीच्या चर्चा कोणाच्याही हाती नसतात, माणसेही बदललेली असतात. काय जवळ ठेवता येईल हे गोपनीयतेच्या अटींनुसार ठरते. त्यामुळे ही बोलणी कराराच्या वेळीच व्हायला हवीत.

मोजमापाचा धोका कोणता?

तिकिटांतून आकडे सहज निघतात आणि म्हणूनच ते माणसांना लावण्याचा मोह होतो. कोणी किती तिकिटे मिटवली यावर वार्षिक मूल्यमापन होऊ लागले, की एका कामाची चार तिकिटे होतात आणि अवघड चूक शोधत बसायला कोणी तयार होत नाही. ‘अ‍ॅजाइल’चा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी लिहिला, तेव्हा साधनांपेक्षा माणसांच्या आपसातील संवादाला त्यांनी वरचे स्थान दिले होते. आज त्याच पद्धतीच्या नावाने तक्ते भरले जातात, हा विनोदच म्हणायचा. तपासणी हाच खरा हेतू असेल, तर कोणतेही साधन घेतले तरी त्यात खरी कारणे लिहिली जाणार नाहीत.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक नीटनेटके असते, त्यावर विसंबू नये. आपली वीसेक खरी, गुंतागुंतीची तिकिटे चाचणीच्या खात्यात भरावीत आणि मग ती बाहेर काढून दुसऱ्या साधनात घालून पाहावीत. शीर्षके आणि वर्णने सहसा साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये निघतात. अडते ते तिकिटांच्या परस्परसंबंधांवर, जोडलेल्या चित्रांवर, आणि टीमने हौसेने वाढवलेल्या रकान्यांवर व टप्प्यांवर. असे रकाने जितके जास्त, तितके पुढचे स्थलांतर महाग. दर माणशी आणि दर महिना आकारला जात असल्याने सुरुवातीचा आकडा लहान दिसतो. टीम पन्नास जणांची झाल्यावर तो किती होईल, तेही त्याच दिवशी मांडून पाहावे.