नेरळच्या धाकट्या गाडीची उतरण

नेरळ स्थानकात मध्य रेल्वेचा साडेपाच फुटी मार्ग आणि माथेरानचा दोन फुटी मार्ग इतके जवळ येतात की, कर्जतची लोकल धडधडत निघून गेल्यावर धाकट्या फलाटावरील ठेंगण्या डब्यांचे खरे प्रमाण ध्यानात येते. सर आदमजी पीरभॉय यांचे भांडवल आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून 1904 ते 1907 या काळात सिद्ध झालेला हा मार्ग, दातेरी रुळांचा आश्रय न घेता, केवळ वळणांवर वळणे घेत सुमारे वीस किलोमीटरांत माथ्यावर पोचतो. कित्येक ठिकाणी त्याची चढण वीस फुटांस एक फूट इतकी आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही मधली स्थानके वास्तू म्हणून साधीच; पण जुम्मापट्टीस चढती व उतरती गाडी परस्परांस वाट देतात, आणि या सोयीपुढे मला कमानी व मनोरे गौण वाटतात.

प्रवासवर्णनकार दऱ्यांचे कौतुक करतात. मला मात्र उतरणीच्या वेळी डब्यांच्या टोकांशी तैनात असलेल्या ब्रेकवाल्यांवरून नजर काढवत नसे. हातब्रेकांचा तो काळ. इंजिनाची शिटी होताच प्रत्येकजण आपापले लोखंडी चाक दोन्ही हातांनी आवळी. पण तेही बेताने, कारण फार आवळले तर चाके जाम होऊन रुळांवरून घसरत, आणि सैल सोडले तर डब्यांचा सारा भार पुढच्या वळणावर इंजिनास रेटी. वळण संपण्याच्या आधीच अनुभवी हात चाक किंचित उलटे फिरवी. तापलेल्या लोखंडाचा उग्र वास डब्यात शिरे, पायांखाली फळ्या थरथरत.

“साहेब, हात आत घ्या, कडा जवळ आहे,” एवढे बोलून एक ब्रेकवाला पुन्हा चाकाकडे वळला. त्याच्या तळव्यांचे कातडे जाड झालेले होते. गाडीच्या सुरक्षिततेचा एवढा मोठा बंदोबस्त अशा हातांवर सोपविलेला असावा, याबद्दल मला त्या माणसांविषयी नितांत आदर वाटतो. पुढे डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक आले आणि ते योग्यच झाले; तरी त्याआधी कित्येक दशके हा घाट सुखरूप उतरविला तो याच हातांनी, आणि स्थानकाच्या इतिहासात अब्दुल हुसेन यांच्या नावाखालोखाल त्यांची नोंद व्हावयास हवी.