पंचावन्न रुपयांचं पेट्रोल

पेट्रोल जीएसटीत आणा, दुसऱ्या दिवशी पंचावन्न रुपयांना मिळेल! हे विधान २०१७पासून मरायला तयार नाही. व्हॉट्सॲपवर ते हिशोबासकट येतं, लग्नाच्या पंगतीत येतं, रिक्षाच्या पुढच्या सीटवरून येतं, आणि एरवी पैशापैशाचा ताळा मांडणारी माणसंही त्यावर मान डोलावतात. आकडा अधूनमधून बदलतो, कधी साठ होतो, कधी चाळीस. खात्री मात्र तीच.

लोकांचा वैताग खोटा आहे असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात गाडी चालवणारा माणूस इंधनावर अवाच्या सवा कर भरतो, यात वाद नाही. पण त्यावर सांगितला जाणारा हा उपाय साध्या बेरीज-वजाबाकीत टिकत नाही, आणि ती वजाबाकी करायला कुणी बसत नाही.

आपण बसू. २०२५च्या मध्यावर मुंबईत साध्या पेट्रोलचा दर लिटरला १०३ रुपये ५० पैसे होता. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे स्थिर अधिभार. उलटं गणित केलं की व्हॅट लागण्याआधीची रक्कम निघते सुमारे ७८ रुपये ७० पैसे. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल २०२५च्या वाढीनंतर २१ रुपये ९० पैसे. ते वजा केलं की उरतात ५६ रुपये ८० पैसे. या रकमेत कच्चं तेल, रिफायनरीचा खर्च, कंपनीचा नफा, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन असं सगळं आलं. कर एका पैशाचाही नाही. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनी उद्या पेट्रोलवर कर घेणंच सोडलं, तरी या दराने पेट्रोल पंचावन्नला मिळत नाही. जीएसटी लावल्यावर कसं मिळेल?

आता जीएसटी लावून बघू. १८ टक्क्यांनी दर येतो ६७ रुपये. सप्टेंबर २०२५मध्ये रद्द होईपर्यंत जो २८ टक्क्यांचा टप्पा होता, त्याने ७२ रुपये ७० पैसे. ४० टक्क्यांनी साडे एकोणऐंशी. चाळीसच्या वर सहज जाताही येत नाही, कारण जीएसटीच्या कायद्यात केंद्राच्या वाट्याला २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि राज्याच्या वाट्यालाही तेवढीच. मग साडे एकोणऐंशी तर साडे एकोणऐंशी, काय वाईट, असं कुणीही म्हणेल. वाईट काहीच नाही. फक्त त्यात कर येतो लिटरला २२ रुपये ७० पैसे आणि वरच्या हिशोबात दोन्ही सरकारं मिळून घेतात ४६ रुपये ७० पैसे. लिटरमागे चोवीस रुपये सोडायला कोण तयार आहे? आहे तेवढंच उत्पन्न जीएसटीतून हवं असेल, तर दर ८२ टक्के ठेवावा लागेल.

पेट्रोलियम क्षेत्रातून केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला सात लाख कोटी रुपयांहून जास्त मिळवतात. एकट्या महाराष्ट्राला इंधनावरच्या व्हॅटमधून तीस हजार कोटींहून अधिक मिळतात, देशात सर्वाधिक. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येईल अशा करांत मद्य, मुद्रांक शुल्क आणि इंधन एवढंच काय ते मोठं उरलं आहे. सप्टेंबर २०२१मध्ये लखनौला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तेव्हा हा विषय पटलावर आला. तोही कुणाच्या उत्साहाने नव्हे, तर केरळ उच्च न्यायालयाने विचार करा म्हणून सांगितलं होतं म्हणून. ही वेळ नाही, असं म्हणून परिषदेने तो बाजूला ठेवला. महाराष्ट्राचे त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनीही राज्याच्या कराधिकारांवर गदा नको, अशी भूमिका घेतली होती. टीव्हीवर इंधन दरवाढीच्या विरोधात बैलगाडी मोर्चे काढणारे पक्ष सत्तेत आले की परिषदेत काय बोलतात, हे पाहण्यासारखं असतं.

आणखी एक गोष्ट या मेसेजमध्ये कधीच नसते. संविधानाने पेट्रोल जीएसटीच्या बाहेर ठेवलेलंच नाही. कलम २७९अ नुसार पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन यांवर जीएसटी कधीपासून लावायचा, ती तारीख परिषदेने सुचवायची आहे. तारीख ठरलेली नाही, इतकंच. आणि ठरली तरी केंद्राचा हात बांधला जात नाही. सातव्या परिशिष्टातल्या केंद्र सूचीची नोंद ८४ केंद्राला इंधनावर आणि तंबाखूवर वेगळं उत्पादन शुल्क लावायची मुभा देते. तंबाखूवर जीएसटीही आहे आणि उत्पादन शुल्कही. पेट्रोलच्या बाबतीत वेगळं का घडेल? ब्रिटनमध्ये आपल्या जीएसटीसारखा २० टक्के व्हॅट पेट्रोलवर लागतोच, शिवाय लिटरला ५२.९५ पेन्स इंधन शुल्क वेगळं. ते शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर व्हॅट लागतो. करावर कर, तिथेही.

स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी मार्च २०२१मध्ये जीएसटीतलं पेट्रोल ७५ रुपयांना पडेल असा अंदाज मांडला होता, आणि त्याचा हवाला अजून दिला जातो. तो अंदाज कच्चं तेल ६० डॉलर आणि डॉलर ७३ रुपये धरून केलेला होता. त्यात २८ टक्के जीएसटीखेरीज पेट्रोलवर लिटरला ३० रुपये उपकरही धरलेला होता. हा उपकर मेसेज पाठवणाऱ्यांना दिसत नाही.

जीएसटीचा खरा फायदा होईल तो कुणाला? मालवाहतूकदार, कारखानदार, बसकंपन्या यांना. डिझेलवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळेल, रिफायनरीलाही आपल्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळून मूळ किंमत थोडी उतरेल. मालाचं भाडं कमी झालं तर भाजीपाला जरा स्वस्त होईल. हे फायदे खरे आहेत, त्यासाठी मागणी जरूर करावी. पण स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या बाईला वजावट कुठली? तिला भरायचा तो कर भरायचाच आहे.

आता हा कर नक्की कुणाचा? केंद्राचे समर्थक राज्याकडे बोट दाखवतात, राज्याचे केंद्राकडे. मुंबईच्या वरच्या हिशोबात राज्याचा वाटा २४ रुपये ८० पैसे, केंद्राचा २१ रुपये ९० पैसे. राज्यच जास्त घेतं, हे खरं. पण केंद्राच्या २१.९० पैकी राज्यांमध्ये वाटली जाते ती फक्त मूळ उत्पादन शुल्काची रक्कम, लिटरला १ रुपया ४० पैसे. पंधराव्या वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांनी त्यातले सत्तावन्न पैसे सगळ्या राज्यांना मिळून. बाकीचं विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर, कृषी उपकर हे सगळं केंद्राच्या तिजोरीत. ज्याची वाटणी करावी लागत नाही तो भाग फुगवायचा, ही युक्ती कोणत्याही केंद्र सरकारला सुचण्यासारखीच आहे.

राज्याचा व्हॅट टक्केवारीत असल्यामुळे तो केंद्राच्या शुल्कावरही लागतो. मे २०२२मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ रुपये आणि डिझेलवर ६ रुपये कमी केले. लगोलग महाराष्ट्र सरकारने पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैसे व्हॅट कमी केल्याची घोषणा केली, मथळे झळकले. त्या वेळी मुंबईत पेट्रोलवर व्हॅट होता २६ टक्के आणि डिझेलवर २४. आठाचे २६ टक्के म्हणजे २ रुपये ८ पैसे. सहाचे २४ टक्के म्हणजे १ रुपया ४४ पैसे. जे आपोआप कमी होणारच होतं, तेच दिलासा म्हणून जाहीर झालं. खरी कपात दोन महिन्यांनी झाली, सरकार बदलल्यावर: पेट्रोलवर पाच रुपये, डिझेलवर तीन. त्यातून स्थिर अधिभार १० रुपये १२ पैशांवरून ५ रुपये १२ पैशांवर आला. या अधिभारात २०१५च्या दुष्काळासाठी वाढवलेले दोन रुपयेही होते. त्यानंतर पाऊस किती वेळा चांगला झाला ते शेतकऱ्यांना विचारा.

जीएसटीच्या मेसेजनंतर सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे, कच्चं तेल अर्ध्यावर आलं तर पेट्रोल अर्ध्यावर का नाही? एप्रिल २०२०मध्ये भारताला तेल सरासरी २० डॉलर पिंपाच्या भावाने मिळत होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. स्वस्ताई सरकारने गिळली. इथे लोकांचा संताप अगदी योग्य जागी आहे. किमती बाजार ठरवतो, हे पेट्रोलच्या बाबतीत २०१०पासून कागदावर खरं आहे, आणि दर रोज बदलण्याची पद्धतही २०१७पासून आहे. पण नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, तेव्हा तेल भडकत असताना कंपन्यांचे दर हलले नाहीत. मार्च २०२४मध्ये लोकसभेच्या तोंडावर ते नेमके दोन रुपयांनी उतरले. बाजाराला आचारसंहिता बरी कळते.

बाकीचे समज फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. पंपवाला लुटतो म्हणता, तर दिल्लीच्या किमतीत त्याचं कमिशन लिटरला सरासरी ४ रुपये ४० पैसे, आणि त्यातून त्याने पगार आणि वीजबिल भागवायचं. शंभरऐवजी एकशेदहाचं टाकलं की माप बरोबर मिळतं, हे खोटं. यंत्र लिटर मोजतं, रुपये नंतर गुणून दाखवतं. शंका असेल तर पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागा. त्यात २५ मिलीलिटरपर्यंत फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. माप मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पहाटे भरलं तर जास्त पेट्रोल मिळतं, हेही नाही. टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार फारशी वेगळी नसते. परभणीत कर जास्त म्हणून पेट्रोल महाग, हेही चूक. तिथे मुंबईपेक्षा जास्त कर कधी नव्हता, उलट कित्येक वर्षं मुंबईचा दर एक टक्का जास्त होता. महाग पडते ती मनमाडहून येणाऱ्या टँकरची वाहतूक. इथेनॉल मिसळलं म्हणजे पेट्रोल स्वस्त व्हायला हवं, तेही नाही, कारण उसाच्या रसापासूनचं इथेनॉल तेल कंपन्या ६५ रुपये ६१ पैशांना घेतात, म्हणजे बिनकराच्या पेट्रोलपेक्षा महाग. आणि सरकारने तेल कंपन्यांना दिलेल्या तेलरोख्यांचं कर्ज फेडायचं म्हणून कर, हे ऐकवणाऱ्यांनी एवढंच बघावं की रोख्यांचं व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास होतं आणि २०२०-२१मध्ये इंधनावरच्या उत्पादन शुल्कातून साडेतीन लाख कोटींहून जास्त आले.

दिल्लीतल्या किमतीची फोड इंडियन ऑइल आपल्या संकेतस्थळावर देते. आपल्या पंपाच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम एवढंच छापलेलं असतं. जीएसटीचा मेसेज पुढे पाठवण्याऐवजी आपल्या खासदाराला विचारा की लिटरमागचं विशेष अतिरिक्त शुल्क कधी उतरणार, आणि आमदाराला विचारा की ५ रुपये १२ पैशांचा अधिभार आता कशासाठी घेता. आणि दोघांनाही सांगा, पावतीवर कराचा आकडा छापा.