पीएच.डी. झाल्यावर पुढे काय?

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सीना नदी ओलांडली की काही अंतरावर मंद्रूप लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे मोठे गाव. उत्तरेस सीना, दक्षिणेस भीमा, मध्ये काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रब्बीची ज्वारी. अनेक घरांत मराठीइतक्याच सहजतेने कानडी बोलली जाते. सोलापूरच्या महाविद्यालयांत शिकण्यासाठी येथील मुलेमुली रोज सकाळी एस.टी. गाठतात.

काही महिन्यांपूर्वी कार्यालयीन कामासाठी मंद्रूपला जाण्याचा योग आला. परतीच्या गाडीची वाट पाहत असताना शेजारी बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने, मी शासकीय नोकरीत आहे हे कळताच विचारले, “साहेब, आमची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता पीएच.डी. करायची म्हणती. आणखी पाच वर्षं जातील. त्यातनं पुढं काय होतंय, तेवढं सांगा.”

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. परंतु प्रश्न रास्त होता, आणि तो एका घरापुरता नव्हता. म्हणून जाणकारांशी बोलून आणि नियम चाळून जी माहिती हाती आली, ती येथे देत आहे.

अंतर कमी झाले, प्रश्न बदलला

दोन पिढ्यांपूर्वी या भागातील विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या कामासाठी कोल्हापूर गाठावे लागे, कारण सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठास जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे आवार सोलापूर शहराबाहेर केगाव येथे आहे. त्यामुळे मंद्रूपच्या मुलीला आज घरी राहूनही संशोधन करणे शक्य झाले आहे.

तथापि, प्रवेश सुकर झाला म्हणजे उपजीविका सुकर झाली असे नव्हे. पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकी, हे समीकरण आपल्याकडे पक्के बसले आहे. प्रत्यक्षात कायम स्वरूपाच्या जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, अशी स्थिती आहे. कित्येक उच्चशिक्षित तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत राहतात. ही वस्तुस्थिती पालकांपासून आणि विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

किती वर्षे, किती आधार?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा आहे. त्यापुढे पुनर्नोंदणीद्वारे जास्तीत जास्त दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. शिवाय संशोधनाच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. विवाह झाला म्हणून संशोधन सोडण्याचे कारण नाही, एवढे तरी या तरतुदींवरून घरातील वडीलधाऱ्यांना निश्चित सांगता येईल.

प्रवेशाची वाटही २०२४ पासून काहीशी बदलली आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून, म्हणजे ‘नेट’मधून, आता तीन प्रकारचे उमेदवार पात्र ठरतात. पहिल्या प्रकारास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता व पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही लाभ मिळतात. दुसऱ्यास प्राध्यापकपदाची पात्रता व प्रवेश, तर तिसऱ्यास केवळ प्रवेश मिळतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात परीक्षेतील गुणांना ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असतो, आणि प्रवेशासाठी हे गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात.

कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचे मूल्यमापन होऊन वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते. ती दरमहा ४२,००० रुपयांची असते. घरभाडे भत्ता वेगळा. राज्यातही पुण्याची बार्टी अनुसूचित जातींच्या, सारथी मराठा व कुणबी समाजाच्या, तर नागपूरची महाज्योती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागासप्रवर्गातील संशोधकांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबविते. जागांची संख्या व अटी प्रत्येक जाहिरातीत पाहाव्या लागतात. नोंदणीचा दिनांक, उत्पन्नाचा दाखला किंवा जातवैधता यांपैकी एखादी गोष्ट राहून गेली, तर हाती आलेली संधी जाते. म्हणून ही कागदपत्रे प्रवेशापूर्वीच तयार ठेवणे शहाणपणाचे.

अधिछात्रवृत्ती नसेल, तर खर्चाचा हिशेब आधीच मांडावा. रसायने, चाचण्यांचे शुल्क, प्रवास, शोधनिबंध सादर करण्यासाठी होणारा खर्च या बाबी लहान नसतात. वर्षभरात आधार मिळाला नाही तर काय करावयाचे, याचा निर्णय घरात बसून, प्रवेश घेण्याआधी झालेला बरा.

दारे एकापेक्षा अधिक

अध्यापन हे पहिले दार. महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के गुण आणि नेट किंवा राज्याची ‘सेट’ ही परीक्षा उत्तीर्ण असणे ही नेहमीची पात्रता. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. विद्यापीठातील थेट नेमणुकीस पीएच.डी. सक्तीची करण्याचे पूर्वी ठरले होते. परंतु जुलै २०२३ पासून ती अट ऐच्छिक झाली. पुढील पदोन्नतीसाठी मात्र पीएच.डी.चे महत्त्व कायम आहे. याचा अर्थ असा की, केवळ पीएच.डी.वर विसंबून नेट-सेटकडे दुर्लक्ष करू नये.

संशोधन संस्था हे दुसरे दार. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सर्वांच्या परिचयाची आहे. पण सोलापुरातही केगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कोरडवाहू शेतीवरील संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालत आले आहे. अशा संस्थांच्या प्रकल्पांत मुदतीच्या जागा निघतात. पीएच.डी. झालेल्या संशोधन सहयोगीस अनुभवानुसार दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये मिळू शकतात. मात्र प्रकल्प संपला की जागाही संपते, हे विसरू नये.

तिसरे दार उद्योगाचे. औषधे, बियाणे, अन्नप्रक्रिया, रंग व रसायने, पाणी व माती तपासणी या क्षेत्रांत संशोधकाच्या कौशल्यास मागणी असते. तेथे प्रबंधाच्या शीर्षकापेक्षा कोणते उपकरण हाताळता येते, आलेल्या निष्कर्षाची खातरजमा कशी करता, अहवाल वेळेवर देता का, हे विचारले जाते.

कला व सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठीही वाटा आहेत. पुरातत्त्व, पुराभिलेख, दर्शनिका, अर्थ व सांख्यिकी हे राज्याचे विभाग, वाई येथून चालणारे मराठी विश्वकोशाचे कार्य, राज्य मराठी विकास संस्था, रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ, अनुवाद, ग्रंथसंपादन, संग्रहालये, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर जुन्या ग्रंथांचे व शिलालेखांचे काम जाणणाऱ्यांची गरज वाढणार आहे.

पदवीनंतरचे संशोधन

पीएच.डी. मिळाल्यावर दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली दोन-तीन वर्षे केलेल्या कामास पीएच.डी.-पश्चात संशोधन म्हणतात. स्वतंत्र संशोधक होण्यापूर्वीची ती उमेदवारी होय. विज्ञान व अभियांत्रिकीसाठी दोन वर्षांची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांस सवलत मिळते. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे आता ही योजना आहे. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अशी अधिछात्रवृत्ती देते. घरगुती कारणांनी ज्यांच्या कामात खंड पडला, अशा महिला शास्त्रज्ञांना पुन्हा उभे राहता यावे, यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाईज-किरण’ योजना आहे.

येथे वयाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थिनीचा प्रबंध पाच वर्षांत पुरा झाला, तर तिच्यापुढे पुष्कळ अवकाश उरतो. तोच आठ-नऊ वर्षे रेंगाळला, तर काही दारे आपोआप मिटतात. म्हणून वेळेत प्रबंध पूर्ण करणे ही पुढच्या उपजीविकेचीच तयारी समजावी.

तयारी पहिल्या वर्षापासून

पदवी हाती पडल्यावर नोकरी शोधू, ही सर्वांत मोठी चूक असल्याचे सर्व जाणकार सांगतात. तयारी नोंदणीच्या दिवसापासून हवी.

पहिल्या वर्षी ठरलेला अभ्यासक्रम, वाचन आणि संख्याशास्त्राचा पाया. संशोधन व प्रकाशनातील नीतिमत्ता हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. तो उरकून टाकण्याचा विषय नव्हे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी प्रयोग किंवा क्षेत्रीय काम, एखादा चांगला शोधनिबंध आणि परिषदांत तो मांडण्याचा सराव. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिला केवळ उपचार न समजता, पुढे काय करावयाचे आहे याचीही चर्चा तेथे व्हावी. विनियमांनुसार आठवड्यातून चार ते सहा तास अध्यापनाचे काम संशोधकास देता येते. ती अनुभवाची संधी सोडू नये. शेवटच्या वर्षी प्रबंधलेखनाबरोबरच निदान दोन वेगवेगळ्या दिशांनी अर्ज सुरू व्हावेत.

शोधनिबंध कोठे छापावा, याविषयी सावधगिरी हवी. पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरील सक्ती २०२२ मध्ये दूर झाली आणि आयोगाची ‘केअर’ ही नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख संशोधकानेच करावयाची आहे. आठ दिवसांत निबंध छापून देतो, फक्त पैसे भरा, असे सांगणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. तज्ज्ञांकडून परीक्षण न होता छापलेला निबंध पुढे मुलाखतीत आपल्यालाच अडचणीत आणतो.

वाचनसाहित्याची जुनी अडचण बरीच दूर झाली आहे. ‘शोधगंगा’वर देशभरातील प्रबंध विनामूल्य पाहता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून केंद्र व राज्य शासनाच्या सुमारे ६,३०० संस्थांना १३,००० च्या आसपास नियतकालिके खुली झाली आहेत. महानगरातील संशोधकाला जे वाचावयास मिळते, ते आता सोलापुरातही मिळू शकते.

आणखी एक कौशल्य म्हणजे आपले काम सामान्य माणसाला समजेल असे सांगता येणे. पीएच.डी. व पीएच.डी.-पश्चात संशोधकांनी आपल्या कामावर सुबोध लेख लिहावेत, म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ हा उपक्रम सुरू केला तो याच हेतूने. जो आपला विषय वडिलांना मराठीत किंवा कानडीत समजावू शकतो, त्याला मुलाखतीची भीती राहत नाही.

विषय घराजवळचा

मोठ्या संस्थांत प्रवेश न मिळालेल्या ग्रामीण विद्यार्थ्यास अनेकदा न्यूनगंड वाटतो. वस्तुतः त्याच्या हाताशी असलेली सामग्री इतरांपाशी नसते. ज्वारीचा प्रसिद्ध ‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३० च्या दशकात याच जिल्ह्यातील मोहोळ येथे, स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचे डाळिंब आणि सोलापुरी चादर यांस भौगोलिक मानांकन लाभले आहे. धान्यातील पोषकद्रव्ये, डाळिंबाच्या सालीचा उपयोग, रंगकामातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे शुद्धीकरण, हे सारे रसायनशास्त्राचेच विषय आहेत. उद्योगाशी व संशोधन संस्थांशी परिचय होण्याचा मार्गही त्यातूनच निघतो.

भाषा व इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तर याच तालुक्यात, सीना-भीमेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल आहे. तेथील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. हा लेख अभ्यासकांपुढे आणण्यात सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांचा मोठा वाटा आहे. कुंभार यांनी धारवाडचे विद्वान श्रीनिवास रित्ती यांच्यासह सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. या भागातील अनेक लेख कानडीत आहेत. दोन्ही भाषा जाणणाऱ्या मंद्रूपच्या तरुणास येथे जे साधेल, ते इतरांना कष्टाने शिकावे लागते.

त्या प्रश्नाचे उत्तर

मंद्रूपच्या त्या गृहस्थांची पुन्हा भेट होईल की नाही, सांगता येत नाही. झाल्यास मी एवढे सांगेन: मुलीला जरूर शिकू द्या. पीएच.डी. ही नोकरीची हमी नाही. पण अवघड प्रश्न घेऊन त्याचे उत्तर शोधण्याची ती सवय लावते, आणि ती सवय शाळा-महाविद्यालयापासून प्रयोगशाळेपर्यंत अनेक ठिकाणी उपयोगी पडते. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी तिला चार गोष्टी विचारा. मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी आज कोठे आहेत? पाच वर्षांचा खर्च कोठून येणार? नेट किंवा सेट कधी देणार? आणि प्राध्यापकाची जागा मिळाली नाही, तर दुसरी वाट कोणती?

या प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी असतील, तर तिच्या पाठीशी उभे राहावे. नसतील, तर ती मिळविण्यासाठी तिला थोडा अवधी द्यावा, आणि विद्यापीठात एकदा तिच्याबरोबर स्वतः जाऊन यावे.